स्टारबोर्ड म्हणजे कुठली बाजू? जहाजावर नव्याने जाणाऱ्यांसाठी

‘स्टारबोर्ड म्हणजे उजवी, पोर्ट म्हणजे डावी.’ नव्या माणसाला एवढे सांगून लोक मोकळे होतात. तो पाठही करतो. मग पहिल्याच आठवड्यात जहाजाच्या मागच्या टोकाला दोर बांधायच्या कामावर उभा राहतो, वॉकीटॉकीवर ‘स्टारबोर्डचा स्प्रिंग (जहाज बांधायचा एक दोर) आधी सोडा’ असे ऐकू येते आणि पाय भलत्याच बाजूला वळतात. पाठांतरात चूक नसते, पण ते अर्धे असते. उजवी खरी, पण कुणाची, हे त्यात येत नाही.

डेक कॅडेट म्हणून जाणारे, शिडाची बोट शिकू पाहणारे आणि सागरी मजकूर मराठीत आणणारे, तिघांच्याही उपयोगी पडेल अशा क्रमाने हे लिहिले आहे. मी स्वतः या वाटेने गेलो आहे. हा शब्द एकदा नीट बसला की दिवे, भोंगे, बोये (पाण्यात तरंगणाऱ्या वाटेच्या खुणा) आणि टक्कर टाळण्याचे नियम यांतला बराच भाग आपोआप उलगडतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून शब्दाला थोडा वेळ द्या.

जवळ काय ठेवायचे

- समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांची प्रत. बोलताना सगळे यांना ‘कोलरेग’ म्हणतात. १५ जुलै १९७७ पासून ते लागू आहेत. प्रत दुरुस्त्यांसह अद्ययावत असावी.
- आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २००१ साली स्वीकारलेली प्रमाणित सागरी वाक्ये. सुकाणूचे हुकूम त्यात अर्थासह दिले आहेत.
- पुठ्ठ्याच्या दोन होड्या, एका टोकाला निमुळत्या. डाव्या कडेला लाल आणि उजव्या कडेला हिरवा पेन फिरवा. पोरखेळ वाटेल, पण परीक्षेपर्यंत हीच सगळ्यात कामाची वस्तू ठरते.
- जहाजावर रुजू झाल्यावर तिथला जनरल अरेंजमेंट प्लॅन, म्हणजे कुठे काय आहे ते दाखवणारा जहाजाचा आराखडा. तो ब्रिजजवळ (जिथून जहाज चालवतात ती खोली) किंवा अल्लेवेत (आतल्या बोळात) लावलेला सापडतो.

१. बाजू जहाजाची, तुमची नाही

जहाजाच्या मागच्या टोकाकडे पाठ आणि पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहा. आता उजव्या हाताला जी बाजू आहे ती स्टारबोर्ड, डाव्या हाताला आहे ती पोर्ट. इथून पुढे तुम्ही कुठेही वळा, झोपा, उलटे चाला, त्या बाजूंची नावे बदलत नाहीत. सदऱ्याची उजवी बाही खुंटीवर कशीही टांगली तरी उजवीच राहते, तसे. जहाज मागे चालले असले तरी स्टारबोर्ड तीच.

‘उजवी-डावी’ बोलणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे फिरते. डेकवर दहा माणसे दहा दिशांना तोंड करून उभी असतात, म्हणून तिथे ते शब्द चालत नाहीत. हेच या वेगळ्या शब्दांचे सगळे कारण.

घोटाळा हमखास होतो अशा तीन जागा:

मागच्या टोकाच्या मूरिंग स्टेशनवर, म्हणजे दोर बांधायच्या जागेवर, आपण बहुतेक वेळ मागे तोंड करून असतो. तिथे स्टारबोर्ड आपल्या डाव्या हाताला येते. पहिले काही दिवस हातातले काम सुरू करण्याआधी मान वळवून पुढचे टोक कुठे आहे ते पाहायचे.

वल्ह्याच्या होडीत वल्हवणारा मागे तोंड करून बसतो. सुकाणूवाला म्हणाला ‘स्टारबोर्डवाले थांबा’, तर वल्हवणाऱ्याच्या स्वतःच्या डाव्या हाताकडचे वल्हे थांबले पाहिजे.

तिसरी जागा समोरून येणाऱ्या जहाजाची. त्याची स्टारबोर्ड बाजू आपल्याला डावीकडे दिसते. दिव्यांचा विषय येईल तेव्हा याची गाठ पडणारच आहे.

२. शब्दाचा उगम: लक्षात ठेवण्यापुरता

‘स्टार’ दिसला म्हणून ताऱ्यांशी संबंध जोडू नका. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू चालवणे आणि ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची कड. सुकाणूची कड ती स्टारबोर्ड. मागच्या टोकाच्या मधोमध बसवलेले सुकाणू युरोपात रुळण्याआधी मागच्या उजव्या कडेला एक रुंद वल्हे बांधत आणि त्याने जहाज वळवत. नॉर्वेत १८८० मध्ये उकरून काढलेल्या गोकस्टाड या वायकिंग जहाजावर असे वल्हे उजव्या कडेलाच आहे.

वल्हे उजवीकडे, म्हणून धक्क्याला लावायची ती डावी कड. माल चढायचा तोही तिकडूनच. या कडेला आधी ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यात ओरडून सांगताना स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू येतात, हे सांगायला नकोच. ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये आणि अमेरिकी नौदलाने १८४६ मध्ये लारबोर्ड रद्द करून ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला. जुन्या सागरी कथांत लारबोर्ड भेटला तर तो डावाच समजा.

मराठी माणसाला इथे एक फुकटची खूण मिळते: स्टारबोर्डचा ‘स’ आणि सुकाणूचा ‘स’. सुकाणूचे वल्हे उजव्या कडेला, म्हणजे स्टारबोर्ड उजवी. इंग्रजीत पोर्ट आणि लेफ्ट या दोन्ही शब्दांची अक्षरे चार, ही खूण तिकडची मुले वापरतात. माझे मत विचाराल तर एकच खूण धरा. दोन धरल्या की घाईत त्यांचीच अदलाबदल होते.

३. रंग

पोर्ट लाल, स्टारबोर्ड हिरवा. रात्री चालत्या जहाजाच्या दोन्ही कडांवर हे दिवे असतात. प्रत्येक दिवा नाकासमोरच्या रेषेपासून आपल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंत दिसतो, म्हणजे काटकोनाच्याही २२.५ अंश मागे. तिथून पुढे मागच्या पांढऱ्या दिव्याची हद्द लागते आणि ती १३५ अंशांची असते. तिन्ही मिळून बरोबर ३६० होतात. डोलकाठीवरचा पांढरा दिवा यंत्रावर चालणाऱ्या जहाजालाच असतो आणि तो पुढच्या बाजूने २२५ अंशांत दिसतो, म्हणजे दोन्ही बाजूदिव्यांच्या बेरजेइतक्या टापूत.

आता पुठ्ठ्याची होडी हातात घ्या आणि ती टेबलावर फिरवा:

- फक्त लाल दिसतो: तुम्ही तिची पोर्ट कड पाहताय. ती तुमच्या उजवीकडून डावीकडे चालली आहे.
- फक्त हिरवा दिसतो: ती डावीकडून उजवीकडे चालली आहे.
- लाल आणि हिरवा दोन्ही दिसतात: तिचे नाक तुमच्या रोखाने आहे.
- फक्त पांढरा दिसतो: बहुधा तुम्ही तिच्या मागे आहात. ‘बहुधा’ म्हणायचे कारण, नांगरलेले जहाजही पांढराच दिवा दाखवते.

विमानांनीही हेच रंग उचलले, डाव्या पंखावर लाल आणि उजव्यावर हिरवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या लांब सांगाड्याच्या भागांची नावेही पी आणि एस या अक्षरांनी सुरू होतात, पोर्ट आणि स्टारबोर्डवरूनच. तिथे तर वर-खाली काही नसते, म्हणजे ‘उजवा’ म्हणण्यात अर्थच उरत नाही.

४. बाजूचे तुकडे

नुसते ‘स्टारबोर्डला बोट दिसते’ एवढे पुरत नाही. बाजूचे तीन भाग धरतात. पुढचा तिरका भाग बो, काटकोनातला बीम, मागचा तिरका क्वार्टर. ‘स्टारबोर्ड बो’वरची मासेमारी बोट आणि ‘स्टारबोर्ड क्वार्टर’वरची बोट यांच्यातला फरक म्हणजे आता काही करायचे की नुसते लक्ष ठेवायचे, एवढा असू शकतो.

अंशांत सांगायचे असेल तर नाकापासून मोजतात. ग्रीन ४० म्हणजे नाकापासून स्टारबोर्डकडे ४० अंश आणि रेड ४० म्हणजे तेवढेच पोर्टकडे. होकायंत्राची दिशा काढायला ग्रीन मिळवायचा, रेड वजा करायचा. जहाज ०७० वर चालले असेल तर ग्रीन ४० म्हणजे ११० आणि रेड ४० म्हणजे ०३०. जुने खलाशी ‘पॉइंट’ बोलतात. पूर्ण वर्तुळाचे ३२ पॉइंट, एक पॉइंट ११.२५ अंशांचा. बाजूदिव्याचे ते विचित्र ११२.५ इथूनच आले आहेत, ते दहा पॉइंट होतात.

५. सुकाणूवर उभे राहाल तेव्हा

चूक झाली तर लगेच दिसते अशी ही जागा, म्हणून इथे सावकाश वाचा.

‘स्टारबोर्ड टेन’ याचा अर्थ सुकाणू स्टारबोर्डकडे १० अंश. जहाज १० अंश वळवा असा त्याचा अर्थ नाही. नवे लोक इथे हटकून फसतात. सुकाणू १० वर ठेवले की जहाज वळतच राहते, पुढचा हुकूम येईपर्यंत. ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ म्हणजे सुकाणू त्या बाजूला पूर्ण, ते बहुतेक जहाजांवर ३५ अंश असते.

नेहमी कानावर येणारे बाकीचे हुकूम असे. ‘मिडशिप्स’ म्हणजे सुकाणू मध्यावर. ‘ईझ टू फाइव्ह’ म्हणजे आहे त्यावरून कमी करून ५ अंशांवर आणा आणि तिथेच धरा. ‘मीट हर’ म्हणजे उलट सुकाणू देऊन वळणाचा झोक आवरा. ‘स्टेडी’ म्हणजे झोक शक्य तितक्या लवकर थांबवा. ‘स्टेडी अ‍ॅज शी गोज’ म्हणजे हुकूम आला त्या क्षणी होकायंत्रावर जी दिशा होती तीच धरून चला. त्यासाठी हुकूम ऐकताच आधी आकडा वाचायचा, मग बाकीचे.

ठरावीक दिशेला न्यायचे असेल तर आधी बाजू, मग आकडे सुटे-सुटे: ‘पोर्ट, स्टिअर वन एट टू’. शून्यही म्हणायचा, ‘झिरो एट टू’.

हुकूम ऐकला की जसाच्या तसा परत म्हणायचा, अंमलात आणायचा आणि झाल्यावर सांगायचे. फक्त ‘येस सर’ चालत नाही. अधिकाऱ्याला तुमचा होकार नको असतो. तुम्ही कुठली बाजू ऐकली ते त्याला ऐकायचे असते. सुकाणू दिले आणि जहाज ऐकत नाही असे वाटले तर त्याच क्षणी सांगा. ‘वळेल थोड्या वेळाने’ म्हणून वाट पाहू नका. आणि शंका आली तर पुन्हा विचारा. ब्रिजवर त्याला कुणी हसत नाही, हसलेच तर हसू द्या.

जुन्या हुकमांचा उलटा अर्थ. हे माहीत नसेल तर इतिहास वाचताना डोके गरगरते. १९१२ च्या १४ एप्रिलच्या रात्री हिमनग दिसल्यावर टायटॅनिकच्या ब्रिजवरून फर्स्ट ऑफिसर मर्डॉक यांनी ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ हुकूम दिला आणि जहाज पोर्टकडे वळले. चूक कुणाचीच नव्हती. त्या काळी हुकूम टिलरच्या, म्हणजे सुकाणूच्या दांड्याच्या, नावाने देत. दांडा उजवीकडे ढकलला की पाते डावीकडे जाते आणि जहाजही डावीकडे. चाकाचे सुकाणू येऊनही भाषा दांड्याचीच राहिली होती. १९२९ च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा परिषदेत हुकूम सरळ अर्थाने द्यायचे ठरले आणि १९३०च्या दशकात देशोदेशी ते अंमलात आले. आज स्टारबोर्ड म्हटले की चाक, पाते आणि जहाजाचे नाक, तिन्ही स्टारबोर्डकडेच जातात. मात्र टिलरची छोटी बोट चालवाल तेव्हा दांडा अजूनही उलट ढकलावा लागतो.

६. समोर दुसरे जहाज असेल तेव्हा

कोलरेगमधले बरेच नियम या दोन शब्दांवर उभे आहेत. यंत्रावर चालणारी, एकमेकांना दिसणारी दोन जहाजे धरा.

समोरासमोर आली तर दोघांनीही स्टारबोर्डकडे वळायचे, म्हणजे पोर्ट कड पोर्ट कडेला दाखवत निघून जातात. अरुंद मार्गात आपल्या स्टारबोर्डकडच्या काठाला धरून चालायचे. हे दोन्ही लगेच पटतात.

आडवे येणारे जहाज हा खरा मुद्दा. टकरीचा धोका असेल तर ज्याच्या स्टारबोर्डला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यायची आणि जमेल तितके त्याच्या नाकासमोरून जाणे टाळायचे. आता दिव्यांकडे परत या. दुसरे जहाज तुमच्या स्टारबोर्डला असेल तर त्याची कुठली कड तुम्हाला दिसेल? पोर्ट, म्हणजे लाल दिवा. त्याला तुमचा हिरवा दिसेल. लाल दिसला त्याने बाजूला व्हायचे, हिरवा दिसला त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. रंगांची वाटणी कशी चपखल बसते ते पुठ्ठ्याच्या होड्यांवर करून पाहा, एकदा पाहिले की पुन्हा पाठ करावे लागत नाही.

हिरवा दिसला म्हणून निर्धास्त व्हायचे नाही. समोरचा वाट देत नाही असे दिसू लागले तर आपल्यालाही हालचाल करायची मुभा आहे, आणि अगदी जवळ आल्यावर तर ते बंधनच आहे. पण तेव्हा, परिस्थिती आडवी येत नसेल तर, आपल्या पोर्टला असलेल्या जहाजासाठी पोर्टकडे वळायचे नाही. तो उशिरा जागा होऊन स्टारबोर्डकडे वळला तर दोघे एकाच ठिकाणी पोचाल. धुक्यात, जहाजे एकमेकांना दिसत नसताना, हा आडव्या जहाजाचा नियम लागूच होत नाही. तिथे वेगळा नियम आहे, तो मुळातून वाचा.

भोंग्याची भाषाही हीच. एक छोटा भोंगा: मी स्टारबोर्डकडे वळतोय. दोन छोटे: पोर्टकडे. तीन छोटे: यंत्र मागे चालवतोय. भराभर पाच किंवा जास्त: तुझे काय चालले आहे ते मला कळत नाही. छोटा भोंगा साधारण एका सेकंदाचा. वळताना वाजवायचा असतो, वळून झाल्यावर नाही.

७. शिडाच्या बोटीवर

‘स्टारबोर्ड टॅक’ म्हणजे स्टारबोर्डकडे वळणे नव्हे. वारा स्टारबोर्ड कडेवरून येतोय, एवढाच त्याचा अर्थ. मुख्य शीड तेव्हा पोर्टकडे फुगलेले असते. दोन शिडाच्या बोटी वेगवेगळ्या टॅकवर असतील तर पोर्ट टॅकवालीने वाट द्यायची.

८. बोये: इथे जग दोन भागांत आहे

जहाजाचे दिवे जगभर सारखे. बोये मात्र तसे नाहीत. १९८० मध्ये टोकियोच्या परिषदेत बोयांच्या तीसहून जास्त पद्धती एकत्र आणल्या, पण दोन विभाग राहिलेच. ए विभागात समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोया पोर्टला ठेवायचा आणि हिरवा स्टारबोर्डला. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारतासह बहुतेक आशिया यात येतो. बी विभागात उलटे, शिरताना लाल स्टारबोर्डला. दोन्ही अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स बी मध्ये मोडतात.

बाहेर पडताना अर्थातच सगळे अदलाबदल होते. बोया तोच, तुमची दिशा फिरली. म्हणून ‘स्टारबोर्ड हँड बोया’ हे नाव शिरणाऱ्याच्या बाजूने दिलेले आहे, हे डोक्यात पक्के ठेवा आणि चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, विभाग कुठला आहे ते आधी पाहा.

९. डेकवर आणि कागदावर

लाइफबोटींना नंबर देण्याची रूढ पद्धत अशी: विषम स्टारबोर्डला, सम पोर्टला, मोजणी पुढून मागे. मस्टर लिस्टवर (आणीबाणीत कुणी कुठे जायचे त्या यादीवर) तुमचे नाव ३ नंबरच्या बोटीसमोर असेल तर कुठल्या कडेला धावायचे ते नंबरच सांगतो. तरी रुजू झाल्या दिवशी स्वतः चालत जाऊन बोट पाहून या. टाक्या ‘२ पी’, ‘२ एस’ अशा लिहितात. लॉगबुकात ‘लिस्ट टू पोर्ट’ असे दिसले तर जहाज पोर्टकडे कललेले आहे, यादीबिदी काही नाही.

१०. मराठीत आणताना

गोष्ट किंवा बातमी असेल तर ‘जहाजाची उजवी बाजू’ बिनधास्त लिहा, वाचकाला तेच सोयीचे. हुकूम, नियम किंवा अपघाताचा अहवाल असेल तर स्टारबोर्ड आणि पोर्टच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्थ सांगून टाका. एकाच मजकुरात अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे नको.

पोर्ट म्हणजे बंदरही, ही खरी डोकेदुखी. ‘टर्न्ड टू पोर्ट’ याचे ‘जहाज बंदराकडे वळले’ असे भाषांतर छापून आलेले मी वाचले आहे, जहाज होते भर समुद्रात. ‘इन पोर्ट’ असेल तर बंदरात, ‘टू पोर्ट’ किंवा ‘ऑन द पोर्ट साइड’ असेल तर बहुतेक वेळा डावी बाजू. ‘लेफ्ट पोर्ट’ दिसले की हसू येते, पण त्याचा अर्थ बंदर सोडले एवढाच. आजूबाजूला किनारा, धक्का, कस्टम असे काही आहे का ते पाहिले की उलगडा होतो. मजकूर १९३०च्या आधीचा असेल आणि त्यात सुकाणूचा हुकूम असेल, तर जहाज प्रत्यक्षात कुठे वळले ते पुढच्या वाक्यांत शोधा आणि मगच बाजू लिहा.

‘पॉश’ हा इंग्रजी शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ यावरून आला, जाताना पोर्टकडची आणि येताना स्टारबोर्डकडची सावलीची केबिन श्रीमंतांना मिळे म्हणून, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्याला पुरावा सापडलेला नाही. गप्पांत ऐकून घ्या, लेखात घालू नका.